लालबागच्या नाल्यावर नऊ दिवस

मुंबईहून परत आलेल्या माणसाला आमच्या सांगलीत पहिला प्रश्न विचारतात तो, "समुद्र बघितलास का?" मी नऊ दिवस मुंबईत होते आणि समुद्र बघितला नाही. मी एक नाला बघितला. रोज बघितला, लोखंडी साकवावर उभं राहून, नाकाला रुमाल लावून. चौपाटी, भेळ, राणीची बाग वगैरे वाचायला ज्यांनी हे उघडलं असेल त्यांची मी आधीच माफी मागते.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. वाहत्या पाण्याचा वेग मोजणं हा माझा विषय. सरळ, शांत कालव्यात हे काम सोपं असतं. पात्यांचं मीटर बुडवा, पाती किती फिरली ते मोजा, घरी जा. पण पाणी उसळतं असेल, त्यात भोवरे असतील, वर चिंध्या आणि पिशव्या असतील, तर मीटर अडकतं नाहीतर तुटतं. अशा ठिकाणी आम्ही वरून व्हिडिओ घेतो. पाण्यावर तरंगणारं काहीतरी पांढरं टाकायचं, कॅमेरा एका जागी घट्ट बसवायचा, आणि मग सावकाश बसून चित्रं एकेक करून पुढे सरकवायची. सेकंदाला पंचवीस चित्रं. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात तो पांढरा ठिपका किती सरकला ते मोजलं की पाण्याचा वेग कळला. सांगलीला आम्ही यासाठी चिरमुरे वापरतो. भडंगाच्या गावात चिरमुऱ्यांना काय तोटा!

लालबागच्या एका बंद गिरणीच्या जागेवर उंच इमारती यायच्या होत्या. गिरणीच्या भिंतीला लागून एक दुमजली चाळ, आणि चाळीच्या मागून एक उघडा नाला वाहतो. तो एका दगडी कमानीतून गिरणीच्या आवाराखाली शिरतो आणि पलीकडे कुठेतरी समुद्राच्या दिशेने जातो. नव्या इमारतींचं पावसाचं पाणी याच नाल्यात सोडायचं ठरलं होतं. कागदावर नाला चांगला ऐसपैस होता. चाळीतले लोक मात्र सांगत, दर पावसाळ्यात आमच्या तळमजल्यावर दोन-दोन दिवस पाणी असतं, त्यात आणखी पाणी सोडलंत तर आम्ही जायचं कुठे? इमारतवाल्यांचे सल्लागार अभियंता देशमुख म्हणत, ती भरती. भरतीला नाल्याचं तोंड तुंबतं, त्याला कोण काय करणार? खरं कुणाचं ते मोजून सांगण्याचं काम आमच्या कॉलेजकडे आलं, आणि कॉलेजने ते माझ्या गळ्यात घातलं.

गिरगाव

उतरले मावसबहिणीकडे, सुधाताईकडे. गिरगावातल्या तिच्या दोन खोल्यांत एका माणसाला पाहुणा म्हणून राहायचं तर बाकीच्या चौघांना आपापल्या जागा सोडाव्या लागतात, आणि तरी कुणी ते जाणवू देत नाही. हे मला सांगलीच्या सहा खोल्यांच्या घरात कधी जमलेलं नाही. जेवणात मात्र आमचं जमलं नाही. आमटीत गूळ! मी पिशवीतून कांदा-लसणाची चटणी काढली तशी सुधाताई म्हणाली, "तुझं पोट पत्र्याचं आहे की काय गं?"

रात्रभराच्या प्रवासानंतर बघते तर कॉलेजचा कॅमेरा मेला होता. बटण दाबलं की एक दिवा लागायचा आणि विझायचा, बस. सकाळी तो घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदाराने झाकण उघडलं, आत बघितलं आणि डॉक्टर नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात म्हणाला, "बुरशी." महिनाभर लागेल म्हणाला. मला महिनाभराची नव्हे, नऊ दिवसांची रजा होती.

"अगं, आमच्या मीनूच्या लग्नाचं शूटिंग केलं तो दत्ताराम लालबागलाच राहतो," सुधाताई म्हणाली. "माणूस सज्जन आहे. त्यालाच विचार की."

अशा रीतीने जलविज्ञानातलं एक मोजमाप लग्नाच्या व्हिडिओवाल्याच्या हाती गेलं.

लालबाग

दत्ताराम पन्नाशीच्या अलीकडचा, सडपातळ, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग आणि खिशात कंगवा. तो नेमका त्याच चाळीत तळमजल्यावर राहायचा. याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता, चार साचे एकटा चालवायचा. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही. मग कुणाच्या तरी हाताखाली दिवे धरता धरता तो कॅमेरा शिकला. संपाला तेव्हा वीसेक वर्षं होऊन गेली होती.

मी त्याला नाल्यावरच्या अरुंद लोखंडी साकवावर उभं करून सगळं समजावलं. कठड्याला पाइप बांधून त्यावर कॅमेरा उलटा, भिंग सरळ खाली. नाल्याच्या दोन्ही भिंतींवर मी टेपने मोजून चार पांढऱ्या खुणा रंगवल्या होत्या. त्या चारही चित्रात दिसल्या पाहिजेत, आणि कॅमेरा केसभरही हलता कामा नये.

"टेन्शन नाय घ्यायचं मॅडम," तो म्हणाला. "लय लग्नं केलीत."

मी वरच्या बाजूला जाऊन पाण्यात चिरमुरे सोडले. दुकानात चिरमुरे मागितले तेव्हा वाण्याने मान हलवली होती. इथे त्यांना कुरमुरे म्हणतात, आणि दुसरं काही म्हटलं की नाहीत असं सांगतात. दहा मिनिटं चित्रण झालं. मग दत्तारामच्या खोलीत टीव्हीसमोर बसून बघायला लागलो. पहिली पाच सेकंदं उत्तम. नंतर कॅमेरा हळूहळू चिरमुऱ्यांच्या मागे निघाला. मग एका चिरमुऱ्यावर जवळ गेला. मग वर उचलला गेला आणि त्यात मी दिसले, ओंजळीतून चिरमुरे सोडताना, केस कपाळावर आलेले.

"हे काय?"

"तुमचा फेसच येत नव्हता मॅडम."

"माझा चेहरा कशाला पाहिजे? कॅमेरा पाइपाला बांधला होता ना?"

"सोडला. बांधलेला कॅमेरा मेल्यासारखा दिसतो."

दुपारी पुन्हा घेतलं. या वेळी त्याने हलवला नाही, पण मधेच जवळ-लांब केलं. सवयीने बोट जातं म्हणाला. तिसऱ्या वेळी मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. कॅमेरा स्थिर, खुणा चारही दिसतायत, ऊन बेताचं. आणि कावळे आले. लालबागच्या कावळ्यांना बातमी कोण देतं माहीत नाही. पाच मिनिटांत कठड्यावर कावळ्यांची रांग लागली आणि माझ्या प्रयोगाचे ठिपके ते एकेक करून पाण्यावरून उचलायला लागले. व्हिडिओत पाण्यापेक्षा पंखच जास्त.

त्यात दत्तारामची बायको, सुलभावहिनी, मागच्या दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, एक बोलू? राग नका मानू. अन्न आहे ते. गटारात टाकताय. संपात आम्ही याच कुरमुऱ्यांवर दिवस काढलेत. बघवत नाय हो."

इतक्या वर्षांत, इतक्या कालव्यांत मी चिरमुरे सोडले. एकदाही हे मनात आलं नव्हतं. मी उरलेली पिशवी तिच्या हातात दिली. तिने संध्याकाळी त्याला कांदा, मिरची, ओलं खोबरं घालून सगळ्यांना दिलं. भडंग नव्हे, पण वाईटही नव्हतं.

पुन्हा लालबाग, आणि नुसतीच वाट

चिरमुऱ्यांच्या जागी काय, हा प्रश्न गणपतीने सोडवला. गणपती तीन आठवड्यांवर आले होते आणि गल्लीत मखरांचं काम चाललं होतं. थर्मोकोलचा भुगा पोत्यांनी पडलेला. पांढरा, हलका, कावळ्याला नको असलेला. फक्त हा भुगा पुढे जाऊन नाला तुंबला असता तर मीच गुन्हेगार ठरले असते, म्हणून दत्तारामने ओळखीच्या कोळणीकडून एक जुनं जाळं आणलं आणि ते कमानीच्या तोंडावर बांधलं.

गणपतीने एक प्रश्न सोडवला आणि तीन उभे केले. दुसऱ्या दिवशी साकवाला टेकून मांडवाचे बांबू आले. सावली माझ्या खुणांवर. मंडळाच्या पोरांना विनंती करून ते हातभर सरकवले, तर त्यांनी आवाजाची चाचणी सुरू केली. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला साकव थरथरे आणि व्हिडिओत सगळा नाला उडी मारी. मी ओरडून बंद करायला सांगितलं. एक जण खाली येऊन फार सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, कुठल्या चॅनलला येणार? आमच्या मंडळाचं नाव घ्या हां." चारातली एक खूण कुणीतरी स्टंप म्हणून वापरून खोडली होती. ती पुन्हा मोजली, पुन्हा रंगवली.

पण खरा वैताग पावसाने दिला. देशमुखांचा भरतीचा मुद्दा खोडायचा किंवा मान्य करायचा, तर मोठा पाऊस ओहोटीच्या वेळी यायला हवा होता. समुद्र उतरलेला असताना नाला भरला तर दोष भरतीचा नाही, एवढं साधं गणित. मी भरती-ओहोटीचं वेळापत्रक भिंतीला लावून बसले होते. पाऊस ते वाचत नव्हता. भरती असली की धो धो, ओहोटी लागली की लख्ख ऊन. दोन दिवस! या दोन दिवसांत मी दत्तारामच्या खोलीत इतका चहा प्यायले की सुलभावहिनी न विचारता कमी साखरेचा करायला लागली.

खोलीत सगळं उंचावर होतं. पलंगाच्या पायांखाली विटा, फ्रीज चौथऱ्यावर, टीव्ही छताला टेकायला आलेला. दत्ताराम सांगत होता, एका वर्षी पाणी अचानक शिरलं आणि खालच्या फळीवरच्या कॅसेटी गेल्या. लोकांच्या लग्नांच्या मूळ कॅसेटी. "एक बाई आली होती," तो म्हणाला. "नवरा वारलेला. लग्नाची कॅसेट परत काढून द्या म्हणाली. काय सांगणार तिला? अजून रस्त्यात दिसली की मी गल्ली बदलतो."

शेजारच्या कोपऱ्यातल्या खोलीत परबकाका एकटे राहायचे. वय सत्तरीच्या पुढे, मूळचे मालवणकडचे, गिरणीच्या बॉयलर खात्यात फिटर होते. नाल्याला सगळ्यात जवळची खोली त्यांची. ते दारात स्टूल टाकून माझा खटाटोप बघत बसायचे. एकदा विचारलं, "काय गे बाय, पाणी कितक्या धावता ता मोजतंस? आणि मोजून काय करतलंस?" मी म्हटलं, धावत नसेल तर का धावत नाही ते शोधेन. त्यावर त्यांनी स्टूल उचललं आणि आत गेले.

शनिवार

शनिवारी दुपारी, ओहोटी पूर्ण लागलेली असताना, आभाळ फुटलं.

सगळं एकाच वेळी करायचं होतं. दत्ताराम छत्री कॅमेऱ्यावर धरून भिजत उभा. मी वरच्या बाजूला गुडघाभर गाळात, पोत्यातून भुगा सोडतेय. नाला बघता बघता चढायला लागला. माझ्या भिंतीवरच्या खुणा पाण्याखाली जायच्या आत जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं. दत्तारामने या वेळी बोट कुठेच लावलं नाही. उलट वरून ओरडून मला सांगायला लागला, "मॅडम, एकदम नका टाकू, थोडं थोडं! मधल्या धारेत टाका!" मागावरच्या धोट्याच्या मागे डोळा फिरवायची सवय असलेला माणूस तो. पाण्याची धार कुठे फुटते ते त्याला माझ्या आधी दिसत होतं.

आणि त्यानेच आधी पाहिलं. "मॅडम, जाळं बघा. रिकामं आहे."

दोन पोती भुगा सोडून झाला होता आणि कमानीवरच्या जाळ्यात मूठभरही नव्हता. भुगा कमानीपर्यंत जात होता, तिथे घुटमळत होता, आणि भिंतीच्या कडेकडेने उलटा आमच्याकडे येत होता.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर टीव्हीसमोर बसलो. टीव्हीच्या काचेवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं आणि एकेक चित्र पुढे सरकवत स्केचपेनने ठिपके मांडायला लागलो. सांगलीला हे काम संगणक करतो. इथे दत्तारामने केलं, आणि माझ्याहून जास्त धीराने. सुरुवातीला पाणी कमी होतं तेव्हा ठिपके लांब उड्या घेत होते. पाणी चढत गेलं तसा वेग वाढायला हवा. तो कमी होत गेला. शेवटी तर ठिपके गोल फिरत जागच्या जागी राहिले. समुद्र उतरलेला, वरून पाणी येतंय, तरी पुढे जात नाही. याचा अर्थ एकच. कमानीच्या आत काहीतरी आडवं होतं, आणि पाणी त्याच्या खालच्या फटीतून जेमतेम निघत होतं. तरंगणारा भुगा खाली जाऊ शकत नाही, म्हणून परत फिरत होता.

"आत काय आहे?" मी विचारलं. दत्तारामने खांदे उडवले. नाल्याचा आतला भाग त्याने कधी बघितला नव्हता.

परबकाका दारातून बघत होते. आत आले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले, काचेवरच्या त्या गोल गोल ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"गेट खाली आसा," ते म्हणाले.

"कसलं गेट, काका?"

"कमानीच्या आत. लोखंडाचा. मिलच्या तळ्यात पाणी घेवचा झाला की खाली सोडूचा, तळा भरला की वर घेवचा. माजा काम व्हता ता." ते थांबले. "संपाच्या आदल्या दिसाक साहेबान सांगल्यान, परब, तळा भरून ठेव, चार दिसात मिल चालू होतली. मिया गेट खाली केलंय नि घराक इलंय."

"मग वर कोणी घेतलं?"

"साहेब एकदा वाटेत गावलो. म्हणालो, गेट वर घेतला, तू काळजी करू नको. मिया इस्वास ठेवलंय." त्यांचा आवाज बारीक झाला. "दरवर्षी पाणी येय. सगळे म्हणत भरती. मियाय म्हणलंय, भरती. इचारूक भियालंय, बाय."

वीस वर्षांचं पाणी त्या खोलीत उभं होतं, विटांवर चढवलेल्या पलंगाखाली. दत्तारामने उठून टीव्ही बंद केला, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेला. सुलभावहिनीने काकांना चहा दिला. त्यांनी कप हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

गिरणीत

बाकीची कथा एका फोनची. सोमवारी सकाळी देशमुखांना बूथवरून फोन लावला. ते म्हणाले, आवारात जायला वरून परवानगी लागेल, दहा-पंधरा दिवस धरा. मी म्हटलं, गेट आहे आत. ते म्हणाले, आमच्या नकाशात कुठलंही गेट नाही. मी म्हटलं, नकाशात नाही म्हणूनच पाणी घरात आहे. ते म्हणाले, तुमच्या अहवालात पुरेशी क्षमता एवढंच लिहा, बाकी आम्ही बघतो. त्यानंतर मी काय बोलले ते लिहीत नाही. बूथवाल्याने पंख्याचा वेग वाढवला आणि मला पाणी दिलं. एवढं मात्र सांगते की शेवटी मी म्हणाले, व्हिडिओ माझ्याकडे आहे, तो चाळीत टीव्ही लावून सगळ्यांना दाखवते. दुपारी परवानगी आली.

रखवालदाराने गिरणीच्या मोठ्या दरवाज्यातली छोटी दिंडी उघडली. परबकाका धुतलेला सदरा घालून आले होते. संपानंतर पहिल्यांदाच ते त्या दारातून आत जात होते. आत साच्यांची शेड उभी होती, साचे नव्हते. भंगारात गेले म्हणाला रखवालदार. जमिनीत नुसते बोल्टांचे ठसे, आणि कमरेइतकं गवत. काका कुठेही न थांबता, न विचारता सरळ चालत गेले. तळं कधीच बुजवलेलं. त्याच्या कडेला राडारोड्याच्या ढिगातून एक लोखंडी चाक वर डोकावत होतं.

काकांनी दोन्ही हातांनी चाक धरलं. मी म्हटलं, काका, ते आता हलणार नाही. त्यांनी ऐकलं नाही. पायाची टाच रोवून, दात आवळून ते ओढत राहिले. गंज हाताला लागला, चाक जागचं हललं नाही. मग दत्ताराम, जो दोन दिवस काकांशी शब्दही बोलला नव्हता, पुढे झाला आणि दुसऱ्या बाजूने चाक धरलं. तरीही हललं नाही. शेवटी दोघांनी सोडून दिलं, आणि देशमुखांच्या माणसांनी दुसऱ्या दिवशी गॅसने ते गेट कापलं. कापताना लोखंडाचा वास चाळीपर्यंत आला. दुपारी चार वाजता नाला आमच्या डोळ्यांसमोर दीड हात उतरला. मी पुन्हा भुगा सोडला. दहा मिनिटांत जाळं भरलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. इमारती झाल्या. माझ्या अहवालात गेट काढूनही नाला अपुराच निघाला, म्हणून त्यांच्या पाण्याला वेगळी वाट काढावी लागली. देशमुख माझ्याशी अजून बोलत नाहीत. मोठ्या भरतीला चाळीत अजूनही पाणी येतं, खोटं कशाला सांगू. पण ते तासाभरात ओसरतं. दोन दिवस राहत नाही.

निघताना

नवव्या दिवशी दादरहून चारची बस होती. दोन वाजता मी सामान घेऊन निरोप घ्यायला चाळीत गेले. वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. परबकाका अंगणात उभे होते, हातात छत्री.

"बाय, तू वायच माज्या वांगडा चल. माका दारादारात जाऊन सांगूचा आसा. तू आसलंस तर तेंका समजात."

"काका, गेट कापलं. आता सांगून काय होणार? माझी बस..."

"तां तुजा काम व्हता," ते म्हणाले. "ह्या माजा."

मी घड्याळ बघितलं आणि त्यांच्याबरोबर गेले. तळमजल्यावर दहा खोल्या. प्रत्येक दारात ते तेवढंच सांगायचे. गेट मी खाली केलं होतं, वर घेतलं की नाही ते कधी बघितलं नाही. एका बाईने तोंडावर दार लावलं. एका म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं, त्याला तीनदा सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा समजल्यावर तो म्हणाला, "परबा, पयलं पाणी तर तुझ्याच घरात शिरायचं रे." एकीने नुसतं "बसा" म्हटलं. काका कुठेच बसले नाहीत. दत्तारामच्या दाराशी आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. मी मनातल्या मनात चडफडत होते, हे कबूल करते.

दत्ताराम दारातच उभा होता. काकांनी सुरुवात केली, "दत्ता, तां गेट..."

"काका, चौथ्या दिवशी तुम्ही आलेलात," दत्ताराम म्हणाला.

काकांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"संपाच्या चौथ्या दिवशी. आम्ही पंधराएक जण मिलच्या दारात होतो, कुणी कामावर जाऊ नये म्हणून. तुम्ही म्हणत होतात, एका कामाला पाच मिनिटं आत सोडा. आम्हाला वाटलं, फितूर झाले. मी तुम्हाला हात धरून मागे ओढलं. तुम्ही पडलात." तो माझ्याकडे वळला. "शनिवारी टीव्ही बंद करून गेलो ना मॅडम, तेव्हा आठवलं. हे गेट उघडायलाच आले होते."

मी काकांना विचारलं, "हे तुम्ही आम्हाला का सांगितलं नाहीत?"

"तां दत्तान सांगूचा व्हता," काका म्हणाले. मग दत्तारामकडे बघून, अगदी हळू, "तुका आठावता?"

दत्तारामने मान हलवली. सुलभावहिनी आतून आली आणि नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. थोड्या वेळाने त्याने चपला पायात सरकवल्या.

"किती दारं राहिली, काका?"

"दोन."

"नाय," दत्ताराम म्हणाला. "पहिल्या दारापासून जायचं. मला पण सांगायचंय."

काकांनी छत्री उघडली. पाऊस फारसा नव्हता, तरी दत्तारामने ती त्यांच्या हातातून घेतली आणि दोघांवर धरली. मी सामान सुलभावहिनीच्या पलंगावर ठेवलं आणि त्यांच्या मागे निघाले. ज्या बाईने दार लावून घेतलं होतं तिच्या दाराची कडी दत्तारामने वाजवली. बराच वेळ कुणी आलं नाही. त्याने पुन्हा वाजवली.